सूतभर जागा

लग्नाला इतकी वर्षं झाली की लोकांनी मुलीला "काही विशेष?" असं विचारायचंही सोडून दिलं, आणि मग तिला दिवस गेले. ही गोष्ट त्या वर्षीची. फोन आला तेव्हा तिची आई भाजी निवडत होती. हातातली जुडी तशीच ताटात टाकून ती अंगणात गेली आणि गाडीखालून बाहेर आलेल्या नवऱ्याच्या दोन पायांना म्हणाली, "अहो, बाहेर या. पोरीला दिवस गेलेत."

पाय हलले नाहीत. जरा वेळाने खालून आवाज आला, "कोणाच्या पोरीला?"

"कोणाच्या म्हणजे? आपल्याला काय डझनभर पोरी आहेत?"

मग तो असा धडपडून उठायला गेला की कपाळ गाडीच्या पोटावर आपटलं. बाहेर आला तो कपाळाला काजळी, डोळ्यांत पाणी. आपटल्याचं की आनंदाचं, हे बायकोने विचारलं नाही.

त्याला सगळी गल्ली सूतभर म्हणायची. जन्म गेला लेथवर. लोखंड कातायचं आणि एकात एक असं बसवायचं की मधून वारा जाऊ नये. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि तेवढी फट दिसली तरी याचं जेवण गोड लागायचं नाही. "सूतभरही ढिलं चालणार नाही," हे वाक्य त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की लोकांनी तेच नाव करून त्याच्या गळ्यात घातलं. घरातलं दार कुरकुरत नव्हतं, नळ ठिबकत नव्हता, टेबलाचा पाय डुगडुगत नव्हता. बायको म्हणायची, "या घरात खिळखिळी झालेली वस्तू मी एकटीच."

गाडी मात्र त्याला वश नव्हती. लांब नाकाची, सहा सिलिंडरची, त्यांच्या दोघांच्या लग्नाहूनही जुनी. कोणाच्या तरी गोठ्यात कोंबड्या बसत होत्या तिच्यावर, तिथून त्याने ती ओढत आणली आणि सुटीचे दिवस घालून उभी केली. बायको तिला सवत म्हणायची. तोंडाने म्हणायची, पण तिच्या मागच्या सीटवर डोकं टेकून बसायला तिला आवडायचं.

या सवतीला एकच दुखणं होतं. इंजिनाच्या कुशीला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जाड पंजा असतो. सहा सिलिंडरांतला जळका धूर सहा बोटांनी गोळा करायचा आणि मागच्या नळीत सोडायचा, हे त्याचं काम. त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो मॅनिफोल्ड तडकायचा. तडकला की धूर मागे जायच्या ऐवजी बॉनेटखाली पसरायचा आणि तिथून आत, माणसांच्या नाकात. मूळचा तडकला, म्हणून सूतभरने आपल्या जुन्या मित्राकडून, ओताऱ्याकडून, नवा ओतून घेतला. तोही तडकला. तेव्हा चहाच्या टपरीवर चारचौघांत तो बोलून गेला, "याच्या बिडातच वाळू आहे." ओताऱ्याने अर्धा कप तसाच ठेवला आणि उठून गेला. तेव्हापासून दोघांचं येणंजाणं बंद होतं. गाडी अंगणात उभी, आणि सूतभर अधूनमधून तिच्याखाली.

आता मुलीचं सासर डोंगरावर. बस पायथ्याशी सोडायची. पुढे चढ नाहीतर उघडी जीप, धुरळ्याने आणि डिझेलच्या धुराने भरलेली. जावयाकडे मोटारसायकल होती आणि तो दिवसभर लाकडाच्या वखारीत. मुलीला तिथल्या डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायची बंदी केली. एवढ्या वर्षांनी राहिलंय, जपा, म्हणाले. मुलगी फोनवर फार बोलली नाही. "आई, तू ये," एवढंच म्हणाली.

पण आईची छातीही धड नव्हती. तरुणपणी कापसाच्या गिरणीत काम केलेलं, त्याचे तंतू छातीत राहिलेले. जिना चढली की भिंत धरून उभी राहायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी नळी लावून पाठ ऐकली, मग छाती ऐकली, मग नळी काढून दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"डोंगरावरची हवा यांना चांगलीच आहे. पण पोचायला हव्यात. धुरळा नको, चढ नको, धूर तर अजिबात नको. तुमच्या त्या गाडीत बसणार असतील तर आत्ताच सांगा, औषधं लिहायचे कष्ट तरी वाचतील."

"गाडी दुरुस्त करतोय मी," सूतभर म्हणाला.

"किती वर्षं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बायको पायरीवर दम घ्यायला बसली. "मी जाणार," ती म्हणाली. "थंडी पडायच्या आत. पोरगी तिथे छताकडे बघत पडलीय. कसं न्यायचं ते तुम्ही बघा. पाठीवर घेऊन चढता येईल का तुम्हाला?"

"आता नाही येणार."

"मग गाडी करा."

हे सांगितलं त्या दिवसापासून सूतभरने दुसरं काही हातात घेतलं नाही. आधी त्याने फटीत लांबी, म्हणजे पुटी, भरली. गाडी पहिल्यांदा तापताच ती पापडासारखी उडाली. मग मॅनिफोल्ड उतरवून वेल्डिंगवाल्याकडे नेला. त्याने बीड हळूहळू तापवलं, सांधलं, राखेत पुरून निवू दिलं. काम उत्तम झालं होतं. गाडी चालू केली, तापली, आणि "टिक" असा आवाज आला. सांधा जागच्या जागी होता आणि त्याच्या शेजारी, आजवर जिथे काही नव्हतं तिथे, नवी फट गेली होती.

"आता काय?" बायकोने खिडकीतून विचारलं.

"आता दुसरा शोधायचा."

"या वयाची दुसरी मिळते का कुठे?" ती म्हणाली. तिलाच हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत सूतभर खिडकीशी उभा राहिला. मग टोपी घालून बाहेर पडला.

गावाबाहेरच्या भंगारात, कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्रांच्या ढिगामागे, त्याला गाडीची बहीण सापडली. तेच लांब नाक, तेच इंजीन. काचा नव्हत्या, दारं नव्हती, सीटमधून गवत वर आलं होतं. पण मॅनिफोल्ड गंजलेला असला तरी अखंड होता. त्याने कान लावून हातोडीची हलकी टिचकी मारली. घंटेसारखा वाजला. तडकलेलं बीड असं वाजत नाही, ते मडक्यासारखं बद्द वाजतं.

"न्या," भंगारवाला खुर्चीतून न उठता म्हणाला. "पण काढायचा तुम्ही. माझे दोन गडी हरलेत तिच्यापुढे."

नट आणि स्टड, म्हणजे इंजिनातून बाहेर आलेले आट्यांचे खिळे, इतकी वर्षं गळ्यात गळे घालून बसले होते की त्यांना वेगळं व्हायचं नव्हतं. सूतभर रोज जायचा, रॉकेल मुरवायचा, ज्योत दाखवायचा, पाना लावून थोडा पुढे, थोडा मागे. ओढाताण केली तर स्टड तुटतो आणि त्याचं मुंडकं इंजिनातच राहतं, म्हणून बोटं सोलली तरी त्याने जोर केला नाही.

"काका, कटर लावा आणि मोकळे व्हा!" भंगारवाला ओरडायचा.

"तुला दाढदुखी झाली तर मान कापून देऊ का?" सूतभर खालून म्हणायचा.

शेवटचा नट सुटला तेव्हा त्याने मॅनिफोल्ड पोरासारखा छातीशी धरून घरी आणला.

घासून साफ केला तेव्हा दिसलं की स्टड जायची याचीही टोकाची दोन भोकं मोठी झालेली आहेत. मधली भोकं स्टडला नीट बसत होती, पण दोन्ही टोकांना स्टड घातला की इकडेतिकडे हलायचा. सूतभरने जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. त्याच्या गाडीचंही असंच होतं. गाडी आणली तेव्हा तीच दोन भोकं झिजलेली होती, आणि त्याने काय सुरेख बुश, म्हणजे पितळेची नळकांडी, कातून ठोकले होते त्यांत! जागच्या जागी, केसाचीही फट नाही. ओताऱ्याने नवा ओतून दिला तेव्हा तर भोकं त्याने स्वतःच पाडली होती, सहाच्या सहा बोटांची, स्टडच्या मापाला चिकटून.

त्याने डब्यातून पितळेची कांडी काढली. नवे बुश कातायचे तर भोकाचं माप हवं, म्हणून टोकाच्या भोकात करंगळी घातली.

आणि तिथेच थांबला.

भोकाची आतली बाजू खरखरीत होती. दाणेदार, वाळूच्या कागदासारखी. त्याने बोट फिरवलं. सगळीकडे तेच. दुसऱ्या टोकाला बघितलं, तिथेही तेच. झीज कशी असते हे सूतभरला कोणी शिकवायला नको होतं. जे घासतं ते गुळगुळीत होतं, चकाकतं, आणि एकाच बाजूला जास्त जातं. या भोकांना आजवर कोणी घासलेलंच नव्हतं. हा खरखरीतपणा साच्यातल्या वाळूचा होता. ओतताना जसा आला तसाच राहिलेला.

भोकं झिजून मोठी झाली नव्हती. मोठीच जन्मली होती.

तो बाकावर बसला. मुद्दाम मोठी भोकं कोण ठेवेल? एवढी गाडी घडवणारा माणूस आणि टोकाला असा ढिलेपणा? चहा आला, गार झाला. बायको कप न्यायला आली आणि त्याचं तोंड बघून म्हणाली, "काय झालं? हाही तडकला?"

"नाही. मला भट्टी पाहिजे."

"भट्टी एकाकडेच आहे."

"तेच तर," सूतभर म्हणाला.

ओताऱ्याच्या कारखान्याचं दार नेहमीसारखं उघडं होतं. आत काळी वाळू, मधोमध भट्टी, आणि कमरेवर हात ठेवून उभा असलेला ओतारी, भुवया जळून गेलेला.

"वाट चुकलास का?" तो म्हणाला.

"भट्टी पेटलीय का?"

"भट्टी पेटलीय, डोकंही पेटलंय. कशात घालू तुला?"

"मला नको, याला घाल." सूतभरने मॅनिफोल्ड पुढे केला. "वितळवायचा नाही. गाडीत होतो तसा लाल करायचा, तेवढाच. आणि बायकोला डोंगरावर न्यायचंय. पोरीला दिवस गेलेत."

ओताऱ्याचा राग मॅनिफोल्डपुढे टिकला असता, पण या बातमीपुढे टिकेना.  "कितवा महिना?" त्याने विचारलं आणि सांडशी उचलली.

सूतभरने घरून एक सळई आणली होती. तिची दोन्ही टोकं वाकवून, अणी काढून, अशी केली होती की मॅनिफोल्डच्या दोन टोकांना मारलेल्या दोन बारीक ठिपक्यांत बरोबर बसावी. थंड होता तेव्हा सळई दोन्ही ठिपक्यांत बसली. मग ओताऱ्याने मॅनिफोल्ड भट्टीत सरकवला. बिडाला रंग चढला, अंधाऱ्या कोपऱ्यात दिसेल एवढा मंद लाल. बाहेर काढून विटांवर ठेवला. सूतभरने धावत सळई लावली. एक अणी ठिपक्यात बसली. दुसरी पोचलीच नाही.

दोघंही वाकले. घामाचे थेंब बिडावर पडून चुरचुरले.

"वाढलाय की रे," ओतारी म्हणाला.

सूतभरने पट्टी लावली, बघितली, डोळे पुसून पुन्हा बघितली. मग पट्टी ओताऱ्याच्या हातात दिली.

ओताऱ्याने माप वाचलं आणि तो असा हसत सुटला की त्याला भट्टीचा खांब धरावा लागला. "सूतभर! अरे, बरोबर सूतभर!"

सूतभर हसला नाही. तो मॅनिफोल्ड काळा पडेपर्यंत, मग हात लावण्याजोगा होईपर्यंत बसून राहिला. पुन्हा सळई लावली. दोन्ही अण्या मुकाट ठिपक्यांत बसल्या. तापला की वाढतो, निवला की परत येतो. मधे धरलेला असायचा, टोकं मोकळी, म्हणजे त्याला जाता-येता यावं. आणि त्याने दोन्ही टोकं बुश ठोकून आवळून ठेवली होती. माणसाचे दोन्ही हात खांबाला बांधायचे आणि आळस दे म्हणायचं, त्यातला प्रकार. मग बीड तडकेल नाहीतर काय करील?

"तुझं बीड चांगलं होतं," तो म्हणाला.

 ओताऱ्याने हातातली सांडशी खाली ठेवली. "तेव्हापासून प्रत्येक ओतणीला मी वाळू दोनदा चाळतोय," तो म्हणाला. "घरची म्हणते, तुमचं काही खरं नाही. मलाही तसंच वाटायला लागलं होतं." त्याने हातांवरची वाळू झटकली. "टपरीवर बोलला होतास. टपरीवरच परत घ्यायचं, मोठ्याने."

"चल, आत्ताच जाऊ."

"आत्ता नको. आधी बाई डोंगरावर. टपरी कुठे पळून जात नाही. चल, मी येतो बसवायला."

दोघांनी मिळून मॅनिफोल्डच्या सहाही तोंडांना, उंचवटे दिसावेत म्हणून निळी लावून, सपाट पाटावर घासून, कानशीने एका पातळीत आणलं. नवं पॅकिंग लावलं. स्टडांवर पितळी नट, म्हणजे पुन्हा कधी काढायची वेळ आली तर गंज धरून बसणार नाहीत. टोकांना जाड वायसर. आवळायला मधून सुरुवात, मग एक इकडचा, एक तिकडचा. मधले नट सूतभरने मनाजोगे आवळले. टोकाच्या नटांना पाना लावला, वायसर टेकला, आणि त्याचा हात थांबेना.

"बस," ओतारी म्हणाला.

"अर्धा फेरा अजून."

"बस म्हटलं ना! सरकू दे त्याला."

"सुटला म्हणजे?"

बायको शाल गुंडाळून पायरीवर बसली होती. "मी माहेरी जायची तेव्हाही असंच तोंड व्हायचं यांचं," ती ओताऱ्याला म्हणाली. "सुटले का मी कधी? चार दिवस राहायचे आणि यायचे. अहो, सोडा तो पाना."

सूतभरने पाना सोडला. हात मांडीला पुसला. असं काम त्याने जन्मात केलं नव्हतं, आणि त्याच्या जिवाला ते लागत होतं.

गाडी उघड्या अंगणातच चालू केली. ओताऱ्याने पेटती मेणबत्ती एकेका सांध्याजवळून फिरवली. पहिल्यांदा टोकाच्या सांध्याशी ज्योत थरथरली आणि बारीक टिकटिक ऐकू आली. सूतभरचा हात पान्याकडे गेला.  त्याने हात मागे घेतला आणि पाठीमागे बांधून उभा राहिला. बीड तापत गेलं, वाढून सांध्याला टेकत गेलं. टिकटिक बारीक झाली, तुटक झाली, आणि थांबली. ज्योत सरळ उभी राहिली.

तरी त्याचं समाधान होईना. काचा लावून तो एकटाच आत बसला, इंजीन चालू ठेवून. बाहेरून ओतारी दर थोड्या वेळाने काचेवर टकटक करायचा आणि विचारायचा, "जिवंत आहेस का?" आतून सूतभर मान हलवायचा. डोकं दुखलं नाही, डोळे चुरचुरले नाहीत. दुसऱ्या दिवशी चढावर नेऊन आणली, पुन्हा तसाच बसला. मग त्याने डॉक्टरीणबाईंनाच गाडीत बसवून गल्लीभर फिरवलं. त्या नाक वर करून बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, "काचा थोड्या उघड्याच ठेवा. वाटेत थांबत थांबत जा."

थंडी पडायच्या आधी, कोरड्या स्वच्छ सकाळी ते निघाले. गाडी थंड होती, टिकटिक सुरू झाली. सूतभरने बायकोकडे तिरक्या नजरेने बघितलं.

"हत्यारांची पिशवी माझ्या पायाखाली आहे," ती म्हणाली, "आणि माझे पाय दुखतायत. मी काही उचलणार नाही."

"मी कुठे मागितली?"

"डोळ्यांनी मागितली."

गल्लीच्या तोंडाशी आवाज थांबला. घाटात प्रत्येक वळणावर तो कान देत होता. इंजीन तापून बॉनेटवरची हवा थरथरत होती, आणि आत त्या बिडाला हवी तेवढी जागा होती. अर्ध्या घाटात गाडी थांबवून त्याने बायकोला पाणी दिलं. "कसं वाटतंय?" त्याने विचारलं. ती श्वास घेऊन, सोडून, पुन्हा घेऊन म्हणाली, "चला. पोरगी वाट बघतेय."

मुलीच्या दाराशी गाडी उभी राहिली तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. मुलीला उठायची बंदी होती, म्हणून तिने आतूनच हाक मारली. आई कोणाचा हात न धरता आत गेली, पलंगाच्या कडेला बसली आणि तिच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "हं. आता दोघी मिळून छताकडे बघू." सूतभर चपला न काढता दारातच उभा होता. आतून हसण्याचा आवाज आला तेव्हा तो बाहेर गाडीपाशी जाऊन बसला.

तिथली हवा तिला मानवली. बाळंतपणापर्यंत ती मुलीजवळून हलली नाही. केस विंचरायची, पाय चोळायची, आणि दोघींचं बोलणं इतकं चालायचं की जावई म्हणायचा, मला वखारीतच शांत वाटतं. थंडी सरता सरता मुलगी झाली, अंगाने लहान, आवाजाने मोठी. ती पहिली आजीच्याच हातांत आली, आणि आजी पुढेही तिथेच राहिली. सूतभर महिन्यातून एकदा गाडी घेऊन जायचा. टपरीवर त्याने जे परत घ्यायचं ते मोठ्याने घेतलं होतं, म्हणून आता ओतारीही शेजारी बसून जायचा.

नात रांगायला लागली त्या महिन्यात, पावसाळा संपता संपता, छातीचं जुनं दुखणं उलटून एका सकाळी सूतभरची बायको मुलीच्या घरी वारली.